आयव्हीएफचा खर्च देणारा मेडिक्लेम: कसा शोधायचा, काय वाचायचं आणि नाद कधी सोडायचा

‘आयव्हीएफ कव्हर होतं का हो?’ असं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचे पैसे मिळतात का असं, एजंटला विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, ‘होतं की ताई, आता सगळंच कव्हर होतं.’ यात थोडं तथ्य आहे. पूर्वी वैयक्तिक मेडिक्लेममध्ये वंध्यत्वाच्या उपचारांना जवळपास जागाच नव्हती. आता मोजक्या पॉलिसींमध्ये ती आहे. पण ती किती रुपयांची, किती वर्षांनंतरची आणि कोणत्या अटींवर, हे एजंट सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही ते ठाऊक नसतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्यांची ट्रीटमेंट आज चालू आहे किंवा येत्या वर्षभरात करायची आहे, त्यांनी आज घेतलेली वैयक्तिक पॉलिसी त्या सायकलचे (उपचाराच्या एका पूर्ण फेरीचे) पैसे देणार नाही, असंच धरून चालावं. पॉलिसी तरीही घ्यावी, पण त्यानंतर येणाऱ्या खर्चांसाठी: गरोदरपण, बाळंतपण, बाळाला काचेत ठेवावं लागलं तर त्याचं बिल, आणि ट्रीटमेंटमधून उद्भवणारी गुंतागुंत. ज्यांच्या हातात दोन-तीन वर्षं आहेत, त्यांच्यासाठी मात्र आयव्हीएफ देणारी पॉलिसी शोधणं खरोखर फायद्याचं ठरू शकतं.

## खर्च कशाचा असतो आणि विमा कशाचे पैसे देतो

मुंबई-पुण्यात एका आयव्हीएफ सायकलला औषधांसकट साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. पैसे कुठे जातात ते पाहिलं की विमा कंपन्या हात आखडता का घेतात ते कळतं. पाळी आल्यावर दहा-बारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शनं असतात. ती मेडिकलमधून आणून फ्रीजमध्ये ठेवायची आणि घरी किंवा जवळच्या सिस्टरकडून टोचून घ्यायची. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या. मग स्त्रीबीज काढणं: हे थोडी भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये, अर्ध्या तासाच्या आत होतं आणि संध्याकाळी पेशंट घरी. पुढचं सगळं काम प्रयोगशाळेत. तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडतात, किंवा गोठवून ठेवतात आणि पुढच्या एखाद्या महिन्यात सोडतात. गोठवलेल्या गर्भांचं वार्षिक भाडं वेगळं.

यात ‘ॲडमिट’ होण्याचा प्रसंग एकच, तोही काही तासांचा. आपला मेडिक्लेम मात्र चोवीस तास दाखल होण्याच्या कल्पनेवर उभा आहे. डे-केअर प्रक्रिया, म्हणजे ज्यांत त्याच दिवशी घरी सोडतात, हा त्याला जोडलेला अपवाद. त्यामुळे एखाद्या पॉलिसीत आयव्हीएफ लिहिलेलं असलं, तरी इंजेक्शनं आणि सोनोग्राफ्या ओपीडीत मोडतात म्हणून त्यांचे पैसे नाकारले जाऊ शकतात, आणि खर्चाचा बराच भाग तिथेच असतो. पॉलिसी तपासताना हा मुद्दा सगळ्यात आधी पाहायचा.

## सतरा नंबरची वगळणी

विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, 2019 मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्यांची, म्हणजे ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा गोष्टींची, भाषा आणि त्यांचे क्रमांक सगळ्या कंपन्यांसाठी सारखे केले. त्यातली सतरावी वगळणी वंध्यत्वाची. गर्भनिरोधन आणि नसबंदी, कृत्रिम गर्भधारणेच्या सगळ्या पद्धती (आययूआय म्हणजे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणं, आयव्हीएफ, इक्सी म्हणजे एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात टोचणं, सगळं आलं), सरोगसी, आणि केलेली नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया, या चारही गोष्टी त्यात बसतात. अठरावी वगळणी बाळंतपणाची. तिच्यात सिझेरियन येतं, गर्भपात येतो. फक्त गर्भनलिकेत राहिलेली गर्भधारणा, जिला डॉक्टर ‘एक्टोपिक’ म्हणतात, ती या वगळणीतून बाहेर ठेवली आहे. आयव्हीएफनंतर एक्टोपिकची शक्यता असतेच आणि ती जिवावर बेतू शकते, म्हणून बाळंतपणाचं कव्हर नसलेल्या पॉलिसीतही तिच्या ऑपरेशनचा क्लेम करता येतो, हे लक्षात ठेवा.

क्रमांक सगळीकडे सारखे असल्याचा फायदा असा, की पन्नास पानी पीडीएफमध्ये तुम्हाला कुठे पाहायचं ते आधीच माहीत असतं. फाइल उघडा, शोधण्याच्या चौकटीत 17 टाका आणि त्या वगळणीचा शेवट वाचा. काही पॉलिसींत तिथे लिहिलेलं असतं की अमुक कलमाखाली दिलेला लाभ याला अपवाद आहे. तो अपवाद नसेल आणि पुढे स्वतंत्र लाभही नसेल, तर ती पॉलिसी आपल्या कामाची नाही. ब्रोशरवर बाळाचा हसरा फोटो असला तरी.

## विकत घेण्याआधी घरात काय आहे ते पाहा

दोघांपैकी कोणाच्या नोकरीत ग्रुप मेडिक्लेम आहे का? एचआरकडून माहितीपत्रक नको, मूळ पॉलिसी किंवा तिच्यातला लाभांचा तक्ता मागा. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत वंध्यत्वाच्या उपचारांसाठी ठरावीक रक्कम असणं आता नवलाचं राहिलेलं नाही, आणि ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा वेटिंग पिरियडच (लाभ मिळण्याआधी थांबायचा काळ) नसतो. एचआरला विचारायला संकोच वाटत असेल तर टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) हेल्पलाइनवर पॉलिसी नंबर सांगून विचारा, ऑफिसात कोणाला कळत नाही. नोकरी बदलायचा विचार चालू असेल, तर दोन ऑफर लेटरांमधल्या पगाराच्या फरकाइतकंच हे कलमही मोलाचं ठरू शकतं.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून (त्यांच्या सरकारी आरोग्य योजनेतून), पूर्वपरवानगी घेऊन, ठरावीक मर्यादेत आयव्हीएफचा खर्च परत मिळतो. परवानगी आधी, उपचार नंतर. क्रम उलटा झाला तर फाइल अडकते.

आयुष्मान भारतच्या भरवशावर राहू नका, वंध्यत्वाचे उपचार त्यातून वगळलेले आहेत. देशातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं टेस्ट ट्यूब बेबी 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात जन्मलं. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचं ते काम. तेव्हा सार्वजनिक दवाखान्यात झालेली गोष्ट आज सरकारी विम्यात बसत नाही, याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

## बाजारात काय आहे

दोन नावं घेते, शिफारस म्हणून नव्हे, वाचनाची सुरुवात कुठून करायची हे कळावं म्हणून. स्टार हेल्थच्या ‘ॲश्युअर’ पॉलिसीत कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा लाभ लिहिलेला आहे, आणि निवा बूपाच्या ‘ॲस्पायर’मध्ये मातृत्वाच्या लाभातच आयव्हीएफ, सरोगसी आणि दत्तक घेणं एकत्र बांधलेलं आहे. दोघांच्या मांडणीत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात उपचाराला स्वतःची वेगळी मर्यादा असते. दुसऱ्या प्रकारात एकच पिशवी: आयव्हीएफला खर्च केली की बाळंतपणाला काय उरतं, हे विचारावं लागतं. इतर कंपन्यांच्याही काही योजनांत किंवा जोड-कव्हरमध्ये हा लाभ असतो. नावं आणि आवृत्त्या बदलत राहतात, म्हणून प्रत्येक पॉलिसीचा यूआयएन क्रमांक (त्या पॉलिसीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि त्याच क्रमांकाचा मजकूर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवा. तुलना करून देणाऱ्या ॲपवरच्या हिरव्या बरोबरच्या खुणेला काही किंमत नाही.

मजकूर वाचताना माझा क्रम असा असतो.

वेटिंग पिरियड पहिला. दोन ते तीन वर्षं असणं नेहमीचं. तो पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजतात, लग्न झाल्यापासून किंवा निदान झाल्यापासून नाही. मध्ये नूतनीकरण चुकलं आणि सवलतीचे दिवसही उलटून गेले, तर आतापर्यंतची प्रतीक्षा वाया जाते.

मग मर्यादा. विमा रक्कम दहा लाख असली तरी या लाभाची सब-लिमिट (त्या रकमेतली वेगळी मर्यादा) सहसा एक-दोन लाखांच्या आसपास असते, आणि ती दरवर्षी, ठरावीक वर्षांतून एकदा, की आयुष्यात एकदाच मिळते, हे एका ओळीत कुठेतरी लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा.

त्यानंतर विमाधारक कोण. काही पॉलिसींची अट असते की पती-पत्नी दोघंही त्याच फ्लोटरमध्ये (कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत), ठरावीक काळ सलग असले पाहिजेत. आपल्याकडे मूल होत नसलं की तपासणी बाईची आणि पॉलिसीही बाईच्याच नावाने काढायची पद्धत आहे. शुक्रजंतूंचा प्रश्न असणारी जोडपी थोडीथोडकी नसतात. टेसासारखी (अंडकोषातून सुईने शुक्रजंतू काढण्याची) प्रक्रिया नवऱ्यावर करावी लागली आणि तो पॉलिसीतच नसला, तर तो खर्च खिशातून.

वयही पाहा. 2021 च्या एआरटी कायद्यानुसार (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा कायदा) हे उपचार स्त्रीला 21 ते 50 आणि पुरुषाला 21 ते 55 या वयात घेता येतात. कंपनीची लाभासाठीची वयोमर्यादा याहून कमी असू शकते. एकट्या स्त्रीला कायद्याने आयव्हीएफ करता येतं, पण पॉलिसीत ‘विवाहित जोडपं’ असे शब्द असतील तर लाभ मिळणार नाही.

शेवटी दवाखान्याची व्याख्या, जी कोणी वाचत नाही. पॉलिसीतल्या व्याख्येप्रमाणे ‘हॉस्पिटल’ म्हणजे एक तर स्थानिक कायद्याखाली नोंदणी झालेली संस्था, किंवा दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या गावात किमान 10 आणि इतरत्र 15 खाटा, चोवीस तास नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर वगैरे असलेली. तुमचं आयव्हीएफ सेंटर एखाद्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, चार खाटांचं असेल, तर ते या व्याख्येत कसं बसतं? महाराष्ट्रात नर्सिंग होम कायद्याखालचा नोंदणी क्रमांक रिसेप्शनजवळ फ्रेम करून लावलेला असतो. शेजारीच एआरटी कायद्याखालचं प्रमाणपत्र असायला हवं. त्यावर ‘लेव्हल 1’ असेल तर तिथे फक्त आययूआय करता येतं. आयव्हीएफसाठी ‘लेव्हल 2’ लागतं. दोन्ही प्रमाणपत्रांचे फोटो पहिल्याच भेटीत काढून ठेवा.

## कंपनीला लेखी विचारा

फोनवरचं उत्तर क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही. ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. मजकूर साधा असू द्या:

‘मी अमुक यूआयएन क्रमांकाची पॉलिसी घेण्याचा विचार करत आहे. कृपया पुढील गोष्टी पॉलिसीतल्या कलमांच्या क्रमांकासह कळवाव्यात. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठी प्रतीक्षा काळ किती आणि मर्यादा किती? ही मर्यादा किती वर्षांतून एकदा मिळते? घरी घेतलेली हार्मोनची इंजेक्शनं, सोनोग्राफी आणि रक्त तपासण्या यांचा खर्च दाखल न होताही मिळतो का? गर्भ गोठवणं आणि गोठवलेला गर्भ पुढच्या महिन्यात सोडणं हे त्याच सायकलमध्ये धरलं जातं का? दात्याचं स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू वापरले तर लाभ मिळतो का? उपचारांमुळे अंडाशय सुजून दाखल व्हावं लागलं तर तो क्लेम याच मर्यादेतून दिला जाईल की मूळ विमा रकमेतून? आयव्हीएफने झालेल्या गरोदरपणाला मातृत्वाचा लाभ पूर्ण मिळतो का, आणि जुळी झाली तर दोन्ही बाळांना पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का?’

उत्तर इंग्रजीतच येईल, त्याला हरकत नाही. पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहितीपत्रक, ज्याला सीआयएस म्हणतात, ते मात्र मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावं असा नियम आहे. मराठीत मागून घ्या.

या यादीतला अंडाशय सुजण्याचा प्रश्न वगळू नका. इंजेक्शनांना शरीराने जास्त प्रतिसाद दिला की पोटात पाणी साठतं, श्वास लागतो, कधी आयसीयूत ठेवावं लागतं. डॉक्टर त्याला ओएचएसएस म्हणतात. मूळ उपचार वगळलेला असेल तर त्याची गुंतागुंतही वगळलेली, असा युक्तिवाद करून कंपन्या हा क्लेम नाकारू शकतात.

## हिशेब करा, आणि वय त्यात धरा

समजा एकतीस आणि तेहतीस वर्षांचं जोडपं आहे. साध्या फ्लोटरपेक्षा आयव्हीएफचा लाभ असलेली पॉलिसी वर्षाला नऊ हजारांनी महाग आहे, वेटिंग दोन वर्षं आणि मर्यादा एक लाख. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. तिसऱ्या वर्षी क्लेम केला तर तोवर तीन हप्ते, म्हणजे जादाचे सत्तावीस हजार गेले. मिळाले एक लाख. फायदा त्र्याहत्तर हजार, तोही आयव्हीएफ करावंच लागलं तर. नाही लागलं, तर सत्तावीस हजारांत मन शांत राहिलं एवढंच. या वयात, अजून प्रयत्नही सुरू केले नसतील किंवा घरात एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर वाढण्याच्या आजाराचा), लवकर पाळी जाण्याचा इतिहास असेल, तर हा सौदा मला पटतो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला आहे.

आता बाई सदतीस वर्षांची आहे असं धरा. वेटिंग संपेल तेव्हा ती एकोणचाळीस. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही घसरतात, चाळिशीकडे तर झपाट्याने. दोन वर्षं थांबून मिळालेले एक लाख रुपये एका जादाच्या सायकलमध्येच संपू शकतात. एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्त तपासणी) कमी आलं असेल आणि डॉक्टर ‘वेळ घालवू नका’ म्हणत असतील, तर विम्यासाठी उपचार पुढे ढकलू नका. पैशांची जुळणी दुसरीकडून करा: पीएफमधून आजारपणासाठी काढता येणारी रक्कम, एफडी, घरच्यांकडून उसने.

क्लिनिक स्वतःच जे ‘तीन सायकलचं पॅकेज’ किंवा ‘यश न आल्यास पैसे परत’ विकतं, तो विमा नाही. त्यावर आयआरडीएआयचं नियंत्रण नाही आणि तक्रार विमा लोकपालाकडे जात नाही. ‘परत’ म्हणजे नेमकं किती, औषधांचे पैसे त्यात आहेत का, आणि कोणत्या वयाच्या किंवा रिपोर्टच्या पेशंटला ते देत नाहीत, हे करारात वाचा.

क्लिनिकच्या अंदाजपत्रकात कधी ‘इन्शुरन्स’ अशी एक ओळ असते आणि लोक खूश होतात. ती तुमच्यासाठी नसते. दात्याचं स्त्रीबीज वापरायचं असेल तर त्या दात्या स्त्रीसाठी 12 महिन्यांचा विमा जोडप्याने काढून द्यायचा, असं एआरटी कायदा आणि नियम सांगतात. सरोगसीत सरोगेट आईसाठी तो 36 महिन्यांचा असतो. खर्च तुमचा, संरक्षण तिचं, आणि ते योग्यच आहे.

## प्रपोजल फॉर्म

इथे काहीही लपवू नका. एजंट म्हणेल, ‘पीसीओएस लिहू नका हो, उगाच लोडिंग लावतील.’ (पीसीओएस म्हणजे हार्मोनशी निगडित अंडाशयाचा विकार, लोडिंग म्हणजे जादा हप्ता.) लिहा. थायरॉईड लिहा, झालेली लॅप्रोस्कोपी लिहा, आधी केलेलं आययूआय लिहा, मागच्या वर्षी केलेलं एएमएच लिहा. सध्याच्या व्याख्येप्रमाणे पॉलिसी घेण्याआधीच्या 36 महिन्यांत निदान झालेला, उपचार घेतलेला किंवा उपचार सुचवलेला आजार हा ‘आधीपासूनचा आजार’. 2024 च्या नियमांनुसार त्याची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे खरं सांगितल्याची शिक्षा फार तर तीन वर्षं वाट पाहण्याची, किंवा थोड्या जादा हप्त्याची. लपवल्याची शिक्षा मात्र क्लेमही गेला आणि पॉलिसीही रद्द, अशी होऊ शकते. आयव्हीएफच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर ‘लग्नाला किती वर्षं, आधीचे उपचार कोणते’ हे डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि क्लेमच्या वेळी कंपनी तेच पान मागते. सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पण लिहून दिलेलं खोटं फसवणुकीतच जमा होऊ शकतं.

फॉर्म एजंटने भरला असेल तर सही किंवा ओटीपी देण्याआधी भरलेली प्रत स्वतः वाचा. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांचा फ्री-लुक काळ मिळतो. त्यात वर लिहिलेला ईमेल पुन्हा पाठवा. उत्तर मनासारखं नसेल तर पॉलिसी परत करा, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.

जुनी पॉलिसी पोर्ट करणार, म्हणजे दुसऱ्या कंपनीत नेणार असाल तर एक बारकावा. आधीपासूनच्या आजारांची जेवढी प्रतीक्षा झाली तिचं श्रेय नव्या कंपनीत मिळतं, पण जुन्या पॉलिसीत नसलेल्या लाभाची प्रतीक्षा सहसा शून्यापासून सुरू होते. पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी करा, आणि नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद पडू देऊ नका.

## साध्या पॉलिसीतून मिळणारे पैसे

वंध्यत्वाच्या वाटेवर केलेल्या सगळ्याच गोष्टी सतराव्या वगळणीत जात नाहीत. फायब्रॉइड काढणं, एंडोमेट्रिओसिसची किंवा अंडाशयातल्या गाठीची शस्त्रक्रिया, नवऱ्याचं व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या सुजलेल्या शिरा), ही आजारांवरची ऑपरेशनं आहेत. बहुतेक पॉलिसींत ती ठरावीक आजारांच्या यादीत, सहसा दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, कव्हर होतात. प्रश्न येतो तो कागदावर कारण काय लिहिलं आहे त्याचा. डिस्चार्ज कार्डवर निदानाच्या रकान्यात फक्त ‘प्रायमरी इन्फर्टिलिटी’ लिहिलं आणि खाली ‘लॅप्रोस्कोपी केली’, तर क्लेम नाकारला जाण्याची दाट शक्यता. त्याच बाईला दर पाळीला असह्य पोटदुखी असते, सोनोग्राफीत पाच सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसची गाठ) दिसलेली असते, आणि ऑपरेशन त्यासाठीच झालेलं असतं. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका. जे खरं आहे ते सगळं, आजाराच्या नावासह आणि त्रासासह लिहा, एवढीच विनंती करा. हे ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत बोलायचं, डिस्चार्जच्या गडबडीत नाही. पूर्वमंजुरीचा फॉर्म भरतानाच निदान काय लिहिलं ते पाहा.

## सरकारी दवाखान्यांचा पर्याय

गोव्यातल्या वाचकांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2023 पासून मोफत आयव्हीएफची सोय आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत वंध्यत्वाची ओपीडी चालते. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत निदान, दुर्बिणीची ऑपरेशनं आणि आययूआयपर्यंतचे उपचार खासगीच्या तुलनेत नगण्य खर्चात होतात. रांग असते, वेळ जातो, हे खरं. पण तपासण्या तिथे आणि आयव्हीएफ खासगीत, असं विभागून घेणारी जोडपीही आहेत आणि त्यात काही गैर नाही.

## क्लेम करताना आणि नाकारला गेला तर

सायकल सुरू करण्याआधी टीपीएला ईमेलने कळवा, कॅशलेस नसलं तरी. क्लिनिककडून पॅकेजचं एकगठ्ठा बिल घेऊ नका. स्त्रीबीज काढणं, भूल, प्रयोगशाळा, गर्भ सोडणं आणि औषधं यांची वेगवेगळी रक्कम, तारखा आणि नोंदणी क्रमांकासह मागा. औषधांच्या बिलांना चिठ्ठ्या जोडा. इंजेक्शनांचे रिकामे खोके फेकून देण्याआधी त्यांवरच्या बॅच नंबरांचे फोटो काढा. चौकशी लागली तर बिलाशी ते जुळवता येतात. रक्कम परत मागायचा क्लेम असेल तर कागद देण्याची मुदत पॉलिसीत पाहून ठेवा. ती फार मोठी नसते.

नकार आला तर तो लेखी, कलमाच्या क्रमांकासह मागा. ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढं उत्तर पुरेसं नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. 50 लाखांपर्यंतच्या क्लेमच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडाच राहतो. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत. अर्जाला पॉलिसीचा पूर्ण मजकूर, नकाराचं पत्र आणि विकत घेण्याआधी कंपनीने ईमेलवर दिलेलं उत्तर जोडा. सगळ्याच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा.